कागदावर पासष्टचाच शालिक

शालिक, तुझ्या मृत्यूची नोंद करायला मी ग्रामपंचायतीत गेलो होतो. ग्रामसेवक नवीन आहे, त्यानं तुला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, वय काय लिहू? मी म्हणालो, त्र्याहत्तर. त्यानं तुझं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, काका, इथे तर पासष्ट आहे. मी त्याला सांगितलं की ते खोटं आहे, हा माणूस शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होता आणि मलाच सत्तर उलटून गेली. तो म्हणाला, मला कार्डावरचंच लिहावं लागतं. तुझा प्रशांत पुण्याहून धावत आला होता, शेजारी उभा होता, रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, म्हणून मी तोंड मिटलं. नाहीतर त्या ग्रामसेवकाशी मी तासभर हुज्जत घातली असती. तर तू मेलास तोही पासष्टचाच. जन्मभर नायकाचं काम करणाऱ्या माणसाला शोभेल असंच झालं म्हणायचं.

मी संशयी आहे हे आपल्या सानगडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि ते माहीत करून देणारा तूच. पण एसटीत कंडक्टरकी करणारा माणूस संशयी नसेल तर त्याची नोकरी टिकत नाही, हे मी तुला किती वेळा सांगितलं. माझा जन्म लोकांची वयं तपासण्यात गेला. मिसरूड फुटायला आलेला मुलगा मांडीवर घेऊन बाया सांगायच्या, पाचवं सरलं नाही अजून. पासष्टीला पुष्कळ अवकाश असलेली माणसं कमरेत वाकून गाडीत चढायची आणि अर्धं तिकीट मागायची. गाडीत पाय ठेवला की माणूस एकतर लहान होतो नाहीतर म्हातारा होतो, आपल्या खऱ्या वयाचा कुणी राहत नाही. यावर तुझं उत्तर ठरलेलं होतं. वय चोरून पूर्ण तिकीट काढणारा साऱ्या जिल्ह्यात मी एकटाच, असं तू छाती काढून सांगायचास. ते मात्र खरं होतं. मी पासष्टचा झाल्यावर आपण दोघे साकोलीला निघालो की मी अर्धं तिकीट काढायचो, माझ्याहून मोठा तू पूर्ण काढायचास, आणि नवा कंडक्टर आपल्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहायचा.

हे सगळं ज्या दिवशी सुरू झालं तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं. रांगेत तू माझ्या पुढे होतास आणि आपल्या मागे मंडईच्या नाटकाची पोरं उभी होती. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते आणि त्या निमित्तानं नाटक होतं, हे इथल्यांना सांगायला नको, पण हे कुणी बाहेरचंही वाचेल म्हणून लिहितो. त्या वर्षी नायक कोण यावरून मंडळात धुसफुस चालली होती. वर्षानुवर्षं ते काम तुझं. बाजारातल्या तुझ्या दुकानात शिलाई मशीन चालवता चालवताच तू संवाद पाठ करायचास, आणि गिऱ्हाइकाचं माप घेतानाही तुझा आवाज राजासारखा लागायचा. पण काही जण म्हणायला लागले होते की आता शालिकभाऊला नायिकेच्या बापाचं काम द्या.

मशीनवरच्या माणसानं जन्मतारीख विचारली. तुझ्याजवळ कागद नव्हता. अंदाजे वय सांगा, तो म्हणाला. तू मागे वळून त्या पोरांकडे पाहिलंस, पोट आत घेतलंस आणि आठ वर्षं खाली उतरून वय सांगितलंस, तेही शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यानं ते ठोकलं आणि वर एक जानेवारी ही तारीखही देऊन टाकली. मी मागून म्हणालो, "शालिक, काहून खोटं बोलून राहिला बे?" तू म्हणालास, "नाटकाच्या मानसाले वय नसते, कंडक्टर." नायकाचं काम त्या वर्षी तुलाच मिळालं. नागपूरहून आणलेली नायिका तालमीत तुला काका म्हणाली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकतो.

मग सत्तरीचं कार्ड आलं. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, गरीब असो की श्रीमंत, दवाखान्यात मोफत उपचार, असं सांगत भोंग्याची गाडी गावात फिरली. मला पहिला संशय आला तो त्या 'कुणालाही'चा. सरकार कुणालाही म्हणतं तेव्हा आत शिरायचं दार कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. तरी मी गेलो आणि मला कार्ड मिळालं, हे कबूल करतो. तुझं बोट लावलं तेव्हा मशीननं तुला नापास केलं. पंचायतीतल्या शिबिरातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, आजोबा, तुम्ही अजून लहान आहात. सगळा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो. तूही टोपी काढून टकलावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "बाई, हे जरा माह्या घरी येऊन बुढीले सांग. तिचा भरोसा नाई बसत."

पण हसणं थांबल्यावर तू त्या मुलीला एक गोष्ट विचारलीस. नवरा सत्तरचा असेल तर त्याच्या कार्डावर बायकोचा इलाज होतो का? ती म्हणाली, नाही, ज्याचं त्याचं वय.  पंचायतीच्या पायऱ्या उतरून बाजारापर्यंत आलो तरी टोपी तुझ्या हातातच होती.

कारण प्रश्न तुझा नव्हताच, कौतिका वहिनींचा होता. सगळा जन्म धानाच्या बांधीत वाकून रोवणी केलेली ती बाई, आता स्वयंपाकघरातून अंगणात यायला भिंत धरत होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं की खुब्याचा सांधा पार झिजला आहे, तो बदलावाच लागेल, नाहीतर हळूहळू बसूनच राहावं लागेल. वहिनी बासष्टच्या. प्रशांतच्या कंपनीचा विमा त्याच्या बायकोपोरांपुरता, आईबाप त्यात बसत नाहीत. राज्याची दुसरी योजना आहे असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून आपण तिघे निघालो. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या खिडकीनं सांगितलं, हे ऑपरेशन या योजनेतून आमच्याकडे होत नाही, नागपूरला विचारा. नागपूरच्या खिडकीनं नाव लिहून घेतलं आणि फोन येईल म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत मी म्हणालो होतो की असे फोन येत नसतात. वहिनी खिडकीकडच्या सीटवर पाय सरळ करून बसल्या होत्या आणि बाहेर बघत होत्या. तू माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंस की मी पुढचं बोलणं गिळलं.

त्यानंतर निवडणूक आली आणि आपल्या भागातल्या पुढाऱ्यानं चौकातल्या सभेत सांगितलं की सत्तरची अट साठवर आणल्याशिवाय गप्प बसणार नाही. माझ्या मते तो हे सगळीकडे सांगत होता आणि प्रत्येक गावात वेगळं काहीतरी सांगत होता. पण तू ते धरलंस. वाळत चाललेल्या माणसाला अंगात आल्यासारखं झालं तुला. दुकानात कपडा शिवायला आलेल्या प्रत्येक माणसाला तू आधी वय विचारायला लागलास. साठ ते सत्तरच्या मधल्या सगळ्या म्हाताऱ्यांची तू मोट बांधलीस. कुणाचा गुडघा, कुणाची आतडी, कुणाला डोळ्यासमोर अंधार. साकोलीला गेलात, भंडाऱ्याला गेलात, जीप करून गेलात, एसटीनं गेलात. पहिल्या दोन खेपांना वहिनीही होत्या, मग त्यांना पायऱ्या चढवेनात. तू कचेरीच्या आवारात उभा राहून बोलायला लागलास की चपराशीसुद्धा ऐकत थांबायचे, असं परत आलेले लोक सांगायचे. बासष्टच्या बाईचं हाड काय सत्तरीची वाट पाहत थांबते का, असं तू विचारायचास म्हणे. बाया डोळ्याला पदर लावायच्या.

मला हे सगळं पटत नव्हतं. का ते मी तुला तेव्हा सांगितलं आणि आताही सांगतो. वयाची अट कमी करणं सरकारला सोपं असतं का? साठ केलं तर किती लोक आत येतील याचा हिशेब त्यांनी करून ठेवलेला असणार, आणि तो पाहून त्यांना घाम फुटलेला असणार. निवडणुकीआधी वय खाली येतं आणि निकाल लागला की पुन्हा वर चढतं, हे मी गाडीतल्या पोरांच्या बाबतीत रोज पाहिलं आहे. एकदा तुझ्या दुकानाच्या बाकावर बसून मी तुला म्हणालो की साठ होईस्तोवर वहिनी सत्तरच्या होतील. ते मी गमतीनं म्हणालो, पण तुझा पाय मशीनवरच थांबला. "तं मंग काय करू?" तू विचारलंस. "तुह्यावानी घरी बसून संशय घेत राहू?"

माझा दुसरा संशय तुझ्यावर होता. तो मी लपवला नाही. पुढाऱ्याचे लोक तुझ्या दुकानात चहाला यायला लागले. त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर एका कोपऱ्यात तुझाही फोटो लागला, काळे केस असलेला, कुठल्या तरी जुन्या नाटकातला. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. मी चहाच्या टपरीवर चार लोकांत तुला सरळ विचारलं की उभा राहतोस का. तू नाही म्हणाला नाहीस आणि हो म्हणाला नाहीस. कप खाली ठेवलास आणि उठून गेलास. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यालाही हाच संशय आला असता, हे तुलाही मान्य करावं लागेल.

आणि तिसरी गोष्ट, ज्यावर आपलं भांडण अर्धवट राहिलं. शाळेच्या जुन्या रजिस्टरात तुझी खरी जन्मतारीख होती. मी स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना विचारून आलो होतो. ते म्हणाले, ज्याचा दाखला आहे त्यानं यावं, काढून देतो. तो दाखला घेऊन तालुक्याला गेलं की आधारवरचं वय सुधारता येत होतं, आणि वय सुधारलं की तुझं कार्ड तयार. मी हे तुला उत्साहानं सांगितलं. तुला आनंद होईल असं वाटलं होतं. तू सुईत दोरा ओवत होतास, वर न पाहता म्हणालास, पाहू.

"पाहू काय? उद्या चाल."

"मले काय झालं आहे? मी चांगला आहो."

"आज चांगला आहे. पहिले आपलं वय दुरुस्त कर, कार्ड घे. मंग बाकीच्याइचं पाह्यजो."

तेव्हा तू सुई ठेवलीस. "कार्ड भेटल्यावर कोनी मंग पाहत नाई, कंडक्टर. तुह्याजवळ तं आहे ना? तू कितीदा आला माह्यासंग भंडाऱ्याले?"

 तू पुढे म्हणालास, "मी आत जाऊन बसलो का बाहेरच्याइसाठी मले कोन बोलू देईन? म्हनतीन, बुढ्या, तुहं काम झालं, घरी जाय." मला ते नाटकातलं वाक्य वाटलं. तसं मी म्हणालोही. खरं कारण वेगळं आहे, असं मी तुला सुनावलं. त्र्याहत्तरचा म्हातारा बॅनरवर चालत नाही, म्हणून तुला पासष्टचंच राहायचं आहे. तू हसला नाहीस. तुझ्यासारखा माणूस अशा टोमण्यावर हसत नाही तेव्हा मी ओळखायला हवं होतं, पण मी सायकल काढली आणि निघून आलो. त्यानंतर आपण बोललो नाही. बाजारात समोरासमोर आलो की तू भाजी बघायचास आणि मी आकाश.

ही भांडणं लिहितो आहे म्हणून कुणाला वाटेल की आपलं एवढंच होतं. तसं नाही. माझ्या नोकरीत एकदा तिकिटांच्या भानगडीत माझं नाव गोवलं गेलं आणि मला घरी बसवलं. डेपोतले मित्र रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूनं जायचे. माझ्या बायकोनंसुद्धा, आता ती नाही, देवाशपथ सांगा असं म्हटलं होतं. तू मात्र दुपारी दुकान बंद करून आलास, माझा खाकी शर्ट मागून घेतलास आणि त्याचं निघालेलं बटण लावून दिलंस. चौकशीला मला बोलावलं तेव्हा तू माझ्यासोबत येऊन बाहेर दिवसभर बसलास. मी सुटलो, कामावर गेलो, निवृत्त झालो, आणि इतक्या वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस की पुरुषोत्तम, खरं काय होतं. मला हे समजत नाही, शालिक. माणूस असा विश्वास कसा ठेवू शकतो? मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं. त्या एका गोष्टीसाठी मी तुझे उपकार मानतो. तू असताना हे तोंडावर सांगितलं असतं तर तू नक्कीच काहीतरी नाटकी बोलून सगळं उधळून लावलं असतंस.

मग तो सकाळचा फोन आला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या." मी आलो तेव्हा तू ओसरीत खाटेवर बसला होतास, छातीवर हात, कपाळावर घाम. आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलो. काय होतं विचारलं तर तू म्हणालास, गॅस आहे, रात्री मुगाचे भजे जास्त झाले. वर मला डोळा मारलास. तू हे इतकं सहज सांगितलंस की मी, जो सख्ख्या भावाचा शब्द दोनदा तपासून घेतो, तुझं ऐकलं. सोडा आणायला गेलो. सोडा घेऊन आलो तेव्हा तुझा रंग बदललेला होता. ऑटोत मी तुला धरून बसलो होतो आणि साकोली यायच्या आत तू माझ्या खांद्यावर जड झालास. ऑटोवाल्याला मी सांगितलं नाही. तो जोरात चालवत राहिला.

तेरवी झाली, पाहुणे गेले, प्रशांतची रजा संपली. तो आईला घेऊन जायला निघाला होता, पण त्याची दोन खोल्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. म्हणून वहिनी इथेच राहिल्या. मी रोज एक चक्कर मारतो. अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं की तुझी छाती होळीपासून दुखत होती. भंडाऱ्याला निवेदन द्यायला म्हणून जायचास तेव्हा एकदा डॉक्टरला दाखवून आला होतास. त्यानं हृदयाच्या नळ्या तपासायला सांगितल्या होत्या, उशीर करू नका म्हणाला होता. तू वहिनींना शपथ घातली होतीस, कंडक्टरले सांगू नको, तो डोकं खाईन.

ऐकून मी तिथून उठलो आणि तुझ्या अंगणात उभा राहिलो. राग इतका आला की तू समोर असतास तर तुला दोन ठेवून दिल्या असत्या. शाळेचा दाखला आणायला सकाळची एक चक्कर लागत होती. कार्ड झालं असतं. नळ्या तपासून झाल्या असत्या. कदाचित काही झालंही नसतं, डॉक्टर लोकांचं मी सगळंच खरं मानत नाही, पण तू निदान पोचला असतास तिथपर्यंत. त्याऐवजी तू एक जानेवारीच्या खोट्या तारखेला धरून बसलास.

तेव्हापासून मी एकेक संशय घेऊन बसतो आणि तपासतो. पहिला, तुला म्हातारं व्हायचंच नव्हतं. तुझ्या बाबतीत हा मी कधीच पूर्ण सोडणार नाही. तू मिशीला काजळ लावून बाजारात यायचास हे मी पाहिलं आहे. दुसरा, तुला पंचायतीत निवडून यायचं होतं. हा मी सोडून दिला, कारण तू गेल्यावर पुढाऱ्यानं हार पाठवला, तोही दुसऱ्याच्या हातानं, आणि ज्याला तिकीट द्यायचं होतं त्याचं नाव महिनाभर आधीच ठरलेलं होतं असं कळलं. तुझं त्यात कुठेच नव्हतं. तिसरा असा, की तू जे म्हणालास तेच खरं होतं. आत गेलेल्या माणसाला बाहेरच्यांसाठी बोलू देत नाहीत, म्हणून तू मुद्दाम बाहेर उभा राहिलास, छाती दुखत असताना. यावर विश्वास ठेवणं मला सगळ्यांत जड जातं. इतकं चांगलं कुणी असतं यावर माझा भरोसा नाही. तू तर नक्कीच नव्हतास, मी तुला पत्त्यात लबाडी करताना पकडलं आहे.

आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक आहे, तो मला झोपू देत नाही. साठ होईल असं तुला स्वतःला तरी वाटत होतं का? की तू घरी एका माणसासमोर रोज नाटक करत होतास, आणि ते खरं दिसावं म्हणून साऱ्या जिल्ह्यात प्रयोग लावले होतेस?

हे तुला विचारायला आता मार्ग नाही. पण तुझ्या लोकांनी मला सोडलं नाही. तुझ्यानंतर भंडाऱ्याला कोण बोलणार म्हणून ते माझ्या दारात आले. मी म्हणालो, मी या कामाचा नाही, माझा यावर विश्वासच नाही. त्यातला एक जण म्हणाला, शालिकभाऊ सांगून गेला होता, कंडक्टरले धरा, तो सायबाले दहा प्रश्न विचारन. तू खरंच असं म्हणाला होतास का, का तेही त्यांनी रचलं? काही असो, मी गेलो. आम्ही कचेरीच्या आवारात उभे राहिलो, मग आत बोलावलं. साहेबाच्या टेबलाजवळ एक तरुण माणूस होता. मी बोलायला लागल्यावर त्यानं मध्येच विचारलं, काका, तुमचं वय किती? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, मग तुमचं तर कार्ड असेल ना? तुमचं काम झालं आहे, तुम्ही कशाला त्रास घेता, ज्यांचं आहे त्यांना बोलू द्या.

शालिक, तू जे म्हणाला होतास तेच शब्द. फक्त बुढ्याच्या जागी काका. मागच्या लोकांत बोलणारा कुणी नव्हता. एका बाईनं सुरुवात केली आणि तिला रडू आलं. साहेबांनी निवेदन ठेवून घेतलं, वर पाठवतो म्हणाले. आम्ही बाहेर आलो. मला तुझी इतकी आठवण आली की मी आवाराच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. लोकांना वाटलं चक्कर आली.

संध्याकाळी गावात उतरलो तो आधी तुझ्या घरी गेलो. वहिनी खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. हल्ली त्या चुलीजवळ फार वेळ उभ्या राहू शकत नाहीत, शेजारची सून पोळ्या टाकून जाते. येताना वाटेत मी ठरवलं होतं की जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "काय म्हने सायेब? होईन का साठ?"

खिशातलं अर्धं तिकीट हातात चुरगळत मी म्हणालो, "होईन वहिनी. यंदाच होईन. सायेब सोता म्हनाले."

असं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. मी आणखीही काही सांगत गेलो. दिल्लीला कागद गेला आहे, वरून चौकशी आली आहे, पावसाळ्यानंतर नक्की. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी खाटेच्या काठाला धरून उठायला पाहिलं. अर्ध्यात जमलं नाही, पुन्हा खाली बसल्या आणि पायावरून लुगडं नीट केलं.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमाले नाई जमत हे. त्याईले बेस जमे. रोज येऊन सांगत, होईन म्हनून. अन् मी रोज भरोसा ठेवल्यावानी करत होती."